इवायाचं नळकांडं

२००३ साल. मला बासष्टावं लागलेलं, निदान आई सांगायची त्या हिशेबानं. तोवर मी पुष्कळ माणसं पाहिली होती. पण वीज गेली म्हणून गूळ-शेंगदाणे वाटणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच, आणि तो माझ्या नशिबी इवाई म्हणून आला. माझ्या थोरल्या लेकीचे सासरे. राहायला आखाडा बाळापूरला. जन्मभर लाईनमन, खांबावर चढून लोकांच्या घरी उजेड द्यायचा, हेच काम. आणि पेन्शनीत निघाल्यावर ह्याच माणसाला तारे बघायचा नाद लागला. संध्याकाळी लोडशेडिंग सुरू झालं की गाव शिव्या द्यायचं आणि हे अंगणात येऊन हात जोडायचे. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "तीस वर्सं उजेड वाटला, इवाई. आता जरा अंधार मागून राहिलो तर काय बिघडलं?"

चालताना मान कायम वर. त्यापायी बाजारात दोनदा भाजीच्या ढिगात गेले, आणि एकदा म्हशीला धडकून तिचीच माफी मागून मोकळे झाले. लग्नाला गेले की जेवण राहायचं बाजूला. आधी मांडववाल्याला गाठायचे आणि मागच्या अंगाचे दिवे मालवता येतील का, ते विचारायचे. किती वाजले म्हणून विचारलं तर हातात घड्याळ असून आभाळाकडं बघायचे, आणि दिवसाउजेडी विचारलं तर सांजच्याला सांगतो म्हणायचे.

तसला माणूस दुर्बीण विकत कशाला आणतो? जाड काचेच्या दोन चकत्या पैदा केल्या, वाळू भरलेलं पिंप अंगणात उभं केलं, त्यावर एक चकती पक्की बसवली. दुसरी तिच्यावर ठेवून मधे कुरुंदाची पूड नि पाणी घालून घासायची. त्यातूनच दुर्बिणीचा आरसा घडतो, पण एका जागी उभं राहून घासलं तर तो वाकडा होतो म्हणे, म्हणून पिंपाभोवती गोल फिरत घासायचं. आठ महिने हा गृहस्थ रोज सकाळी अनवाणी पिंपाला फेऱ्या घालत होता. गल्लीतल्या बायांना वाटलं, नवस मोठा दिसतो. एके दिवशी पिंपावर हळदीकुंकू आलं, दुसऱ्या दिवशी नारळ. कुंकू काचेत जाईल म्हणून इवायांनी धसक्यानं पुसून काढलं, नारळ मात्र ठेवून घेतला. ईहीणबाई मला म्हणाल्या, "लग्नात होमाला फेरे घालताना ह्यांचे पाय दुखत होते, बरं का."

पाण्याच्या प्लास्टिकच्या पाइपात तो आरसा बसला, टीव्हीच्या अँटिनाच्या खांबावर तो पाइप चढला, आणि शनिवारच्या शनिवार त्याच्याभोवती आणखी दोन खुळे जमायला लागले. एक हट्ट्याचा शिंपी. तो दोन ताऱ्यांमधलं अंतर बोटांनी मापायचा आणि कापडासारखं चार बोटं जास्तच धरायचा. दुसरा दवाखान्यातला कंपाउंडर. काय दिसलं ते तो वहीत लिहायचा, आणि पुढच्या शनिवारी ते त्याला स्वतःलाच वाचता यायचं नाही. मी शिरड शहापूरचा, दोन इयत्ता शिकलेला, मेंढरामागं चाळीस वर्षं उघड्यावर निजलेला. मृगाचं तिकांडं कधी उगवतं, सप्तर्षींचं बाजलं कुठल्या कुशीला कलंडतं, हे मला पाइपातून बघायची गरज नव्हती, आणि तसं मी तोंडावर सांगितलंही होतं.

त्या शनिवारी मी तारे बघायला गेलोच नव्हतो. माझी धाकटी लेक बारावी होऊन थोरलीकडं, इवायांच्याच घरी राहिलेली. तिनं नांदेडच्या नर्सिंगच्या शाळेचा फारम आणला होता. बापाची सही पाहिजे, आणि शेवटची तारीख लगेच सोमवारची. आमच्याकडच्या जोशांनी सांगितलेलं की पोरीला साडेसाती आहे, शनीची नजर आहे, घराबाहेर धाडू नका. मी नाही म्हटलं होतं, आणि माझं नाही म्हणजे नाही. पोरीला घेऊन परत जायचं, एवढंच काम होतं.

इवायांनी वाद घातला नाही. नुसतं म्हणाले, "आज शनी वरच हाये. ज्याला भिता, त्याला एकदा भेटून घ्या. मग फारम फाडा, मी न्हाई अडवत."

मी भीत नाही असं म्हणून बसलो, आणि तिथंच अडकलो. आता जाता येईना.

दिवेलागणीला वीज गेली. आधी शिंप्यानं बघितलं, मग कंपाउंडरनं, मग धाकटीनं. ती बराच वेळ डोळा लावून उभी राहिली, मग बाजूला झाली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. मी वहाणा काढल्या. वाकलो, आणि नेमकी वीज आली. गल्लीत पोरं ओरडली, समोरचा बल्ब पेटला, आणि पाइपात नुसतं दूध झालं. शिंपी कपाळाला हात लावून खाली बसला. इवायांनी माझ्या खांद्यावरची घोंगडी ओढली आणि माझं डोकं नि पाइपाचं डोळा लावायचं भिंग दोन्ही तिच्यात झाकून टाकलं.

आत मेंढरांच्या वासाचा गच्च अंधार. त्यात तो दिसला. हरभऱ्याएवढा, पिवळसर, अंगाभोवती कडं घातलेला. जरा थरथरला, सरकला, आणि कडेनं निघून गेला. इवायांनी पाइप हलवून परत धरून दिला, परत गेला. तिसऱ्यांदाही तेच. बाहेरून ते सांगत होते की तो जात नाही, आपली जमीन फिरते. ते त्यांच्यापाशी. मी मेंढरं राखलेला माणूस आहे. झुडपातून लांडगा बघत असला की मानेवरचे केस आधी सांगतात. कोण माझ्यावर टपलंय आणि कोण आपल्या वाटेनं चाललंय, एवढं मला कुठल्याही जोशापेक्षा जास्त कळतं.

घोंगडीतूनच म्हटलं, "इवाई, हा तर आपल्याकडं बघत बी न्हाई."

मग इवाई म्हणाले, "त्याला येळ कुठं हाये."

जेवताना फारमाचं नाव कुणी काढलं नाही. मी त्यांचं ऐकलं असं पुढंही कुणी म्हणू नये. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. इवाई त्यानंतर चारच वर्षं राहिले. आता त्या गल्लीत रात्रभर दिवे असतात आणि अंगणातून धड दहा तारे दिसत नाहीत. तिथं गेलो की मला उगाच वाटतं, पाच मिनिटं वीज जावी.

त्या सोमवारी सकाळी पहिल्या एसटीनं धाकटीला घेऊन मी नांदेडला गेलो. फारम खिडकीत मीच सरकवला. आतल्या बाईंनी खालची वाकडी अक्षरं निरखली आणि ही सही कुणाची म्हणून विचारलं. "माझी," मी म्हटलं, जरा मोठ्यानंच.