बर्फाचे वैरी, आमचे साडू

आख्ख्या कॅलिफोर्नियात बर्फाचा आमच्या साडूंइतका तिरस्कार करणारा माणूस सापडणार नाही, आणि आमच्या फ्रीमाँटमधून बर्फात त्यांच्याइतक्या खेपा घातलेला मराठी माणूसही दुसरा नसेल. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात हे मला एकोणीस वर्षांत कळलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. हे नातं कुणी निवडत नाही, ते लग्नाबरोबर पदरात पडतं. सासुरवाडीत मी धाकटा जावई, म्हणून ते मला ‘धाकटे’ म्हणतात. वयाने माझ्याहून तीनच वर्षांनी मोठे आहेत, पण मला अजून रस्ता ओलांडायला कुणाचा तरी हात लागत असावा अशा सुरात बोलतात. मूळचे मिरजेचे. वयाच्या पंचविशीपर्यंत त्यांनी बर्फ पाहिला तो फक्त गोळ्याच्या गाडीवर, आणि माझं स्पष्ट मत आहे की त्यांनी तिथेच थांबायला हवं होतं.

नोव्हेंबर लागला की साडूंच्या ड्राइव्हवेत बर्फाची रंगीत तालीम सुरू होते. फ्रीमाँटला तेव्हा लोक अर्ध्या चड्डीत कुत्री फिरवत असतात. त्या लख्ख उन्हात आमचे साडू कानटोपी, हातमोजे, गुडघ्यापर्यंत बूट आणि कपाळावर दिवा अशा अवतारात गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसतात. बर्फात टायर घसरू नयेत म्हणून त्यांच्यावर ज्या लोखंडी चेन्स बांधतात, त्या ते चढवतात, काढतात आणि पुन्हा चढवतात. ताई, म्हणजे माझी मेहुणी, दारात फोनवर वेळ लावून उभी असते. बिचारी एरवी समंजस बाई आहे. एका वर्षी शेजारचा चिनी म्हातारा कुंपणापाशी येऊन बराच वेळ पाहत राहिला आणि मग त्याने हळूच विचारलं की काही मदत हवी आहे का. साडू त्याला म्हणाले, “नो, नो, प्रॅक्टिस.” म्हातारा आत गेला आणि त्याने पडदा ओढून घेतला. ‘अकरा मिनिटं वीस सेकंद’ हा त्यांचा विक्रम त्यांनी आम्हाला प्रत्येक गणपतीत, प्रत्येक डोहाळजेवणात आणि एकदा तर तेराव्यालाही ऐकवलेला आहे.

फोनवर हवामानाची पाच ॲप्स. पाचांचं एकमत झालं की यांना संशय येतो, आणि मतभेद झाला की “बघा, काही खरं नाही” म्हणून हे सर्वांत वाईट अंदाज खरा धरतात. गाडीत फावडं, वाळूच्या दोन गोण्या, मांजराच्या शीसाठी मिळते ती मातीची पिशवी (चाकाखाली टाकायला), चार ब्लँकेटं, वीस लिटर पाणी, शिट्टी, आणि खायला म्हणाल तर तिखटमिठाच्या पुऱ्यांपासून डिंकाच्या लाडवांपर्यंत एका मध्यम लग्नाची पंगत. मी एकदा विचारलं की साडूभाऊ, आपण दिवसभरासाठी चाललोय की वनवासाला. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “धाकटे, अडकलेल्या माणसाला विचारा.” असा अडकलेला माणूस त्यांना आजवर भेटलेला नाही, कारण ते स्वतः कधी अडकले नाहीत. मागच्या लोकांना मात्र अडकवतात. घाट लागला की हे चारही दिवे लुकलुकत ठेवून ताशी पंचवीस मैलांनी गाडी हाकतात. मागे मैलभर रांग, हॉर्न, काचेतून दिसणारी बोटं, पण यांचं लक्ष पुढच्या पांढऱ्या रेघेवर. हीटर बंद, कारण ऊब आली की ड्रायव्हरला डुलकी लागते. काच बोटभर उघडी, कारण बंद गाडीत माणूस गुदमरतो. घाटाच्या तोंडाशी असलेलं ऑबर्न गाव मागे पडलं की बोलायलाही बंदी. “बोलू नका, चढ आहे,” एवढं म्हणतात आणि मग तास-दीड तास गाडीत मौनव्रत. एकदा हायवे पोलिसाने त्यांना बाजूला घेऊन विचारलं होतं की सर, तुम्ही ठीक आहात ना. दुसरा कुणी शरमेने मेला असता. हे गृहस्थ चारचौघांत सांगतात, “ऑफिसर स्वतः चौकशी करायला आला होता.”

आता कुणी म्हणेल, एवढी चीड आहे तर जातो कशाला हा माणूस बर्फात. तर त्याचं कारण इरा. साडूंची एकुलती एक. शाळेतल्या मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर ती नऊ वर्षांची असताना टाहोच्या बर्फाळ डोंगरावर गेली, पायात स्की बांधल्या, आणि घरी आली ती वेडी होऊनच. तेव्हापासून सहा हिवाळे, दर दुसऱ्या शनिवारी, साडू तिला डोंगरावर पोचवायला जातात. पोचवायला म्हणजे शब्दशः पोचवायलाच. ती स्की खांद्यावर टाकून पळाली की हे पार्किंगमध्ये गाडीत बसून राहतात. लॅपटॉप मांडीवर, दर अर्ध्या तासाने दहा मिनिटं इंजिन सुरू, कारण बॅटरी गारठते. आतल्या हॉटेलात बसून गरम कॉफी प्यायची सोय आहे, मोठाल्या काचांतून खाली येणारी मुलं दिसतात. पण नाही. “परतीच्या रस्त्यावर कुणाचं तरी लक्ष हवं.” सहा वर्षांत या माणसाने आपल्या मुलीला स्की करताना एकदाही पाहिलेलं नव्हतं. मला हे कळलं तेव्हा मी बायकोला म्हणालो, तुझ्या भाऊजींच्या छातीत हृदय नाही, सहावं ॲप आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात त्या डोंगरावरच्या मुलांच्या रेसिंग टीमची निवड होती. शनिवारी सकाळी दहाला, वर्षातून एकदाच. इरा तेव्हा दहावीत. या एका गोष्टीसाठी तिने उन्हाळाभर गराजमध्ये उठाबशा काढल्या होत्या, डाव्या-उजव्या उड्या मारल्या होत्या, वाढदिवसाला फोन न मागता नव्या स्की मागितल्या होत्या. ताईला त्या शनिवारी ड्यूटी होती, म्हणून सोबतीला माझी वर्णी लागली. शहाण्या माणसाने शुक्रवारीच जाऊन मुक्काम केला असता. पण शुक्रवारी वादळ आहे असं पाचपैकी दोन ॲप्स म्हणत होती, तेव्हा शनिवारी पहाटे चारला निघायचं ठरलं. मी चारला पोचलो तेव्हा इरा जाकीट घालून, केसांच्या दोन वेण्या घालून पायरीवर बसलेली होती. साडू टायरमधली हवा मोजत होते. मग त्यांनी स्पेअर टायरची मोजली. मग गोण्या इकडच्या तिकडे केल्या, कारण वजन एका बाजूला जास्त वाटत होतं. सव्वापाचला आम्ही निघालो.

“बाबा, दहा वाजता म्हणजे दहा,” इरा एवढंच म्हणाली.

“डोंगर कुठे पळून जात नाही,” साडू म्हणाले.

तरीही आम्ही वेळेत होतो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्यांच्या सगळ्या कसरतींनंतरही आम्ही चक्क वेळेत होतो. आठ वीसला आम्ही घाटातल्या चेन तपासणीपाशी पोचलो. बर्फ बारीक पडत होता. केशरी जाकीटवाल्या माणसाने वाकून टायर पाहिले, चारही चाकं ओढणारी गाडी आहे हे पाहिलं, आणि हात हलवून म्हणाला, जा. तुम्हाला चेन्स लागत नाहीत. तिथून टाहोचा तो डोंगर पाऊण तासावर. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला, आणि साडूंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

“बाबा, तो गो म्हणाला,” इरा म्हणाली. “वी डोन्ट नीड चेन्स.”

“तो म्हणणारच. घसरल्यावर तो येणार आहे का धावून?”

“बाबा, प्लीज.”

“अकरा मिनिटांचं काम आहे,” म्हणत साडू उतरलेसुद्धा.

अकरा मिनिटं ही फ्रीमाँटमधल्या उन्हातल्या एका चाकाची वेळ होती, हे तोवर त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं आणि माझ्याही, कारण पडत्या बर्फात ते आजवर कधी निघालेच नव्हते. इथे चाकं चार, बोटं बधिर, आणि चेन्स महिनाभर पिशवीत राहून जानव्यासारख्या गुंतलेल्या. पहिली उलटी बसली. ती काढली. दुसरी अर्ध्यावर निसटून गाडीखाली गेली, ती काढायला मी, पन्नाशीला टेकलेला प्रॉडक्ट मॅनेजर, बर्फात पालथा पडलो. तो केशरी जाकीटवाला दोनदा येऊन अत्यंत नम्रपणे सांगून गेला की सर, खरंच गरज नाही. साडू प्रत्येक वेळी “थँक यू, थँक यू” म्हणाले आणि पुन्हा चाकाला भिडले. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. दोन-तीनदा ओठांवर आलं की पुरे करा हा मूर्खपणा, पण मोठ्या साडूला धाकट्याने काय बोलायचं, म्हणून गप्प राहून मी चाकाखाली टॉर्च धरली. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. मध्ये एकदा काचेतून पाहिलं तर इराने मागच्या सीटवर बसूनच जड स्की-बूट चढवले होते, बकलं आवळली होती, आणि हात मांडीवर ठेवून ती समोर पाहत होती. चौथं चाक झालं तेव्हा नऊ पन्नास झाले होते. नंतरचा सगळा रस्ता चेन्स खडखडत राहिल्या.

आम्ही पोचलो तेव्हा अकराला दहा कमी होते. उतारावर शर्यतीसाठी रोवलेल्या लाल-निळ्या काठ्या दोन पोरं उपटून गोळा करत होती. कोच, एक उंच बाई, हातातले कागद पिशवीत घालत होती. इरा गाडीतून उतरली, तिने काठ्यांकडे पाहिलं आणि जागच्या जागी उभी राहिली. रडली असती तर बरं झालं असतं.

आणि मग साडू निघाले. त्या कोचच्या दिशेने, उतारावर, चालत. बूट चेन्स बांधताना भिजले म्हणून काढले होते, त्यामुळे पायात ऑफिसचे गुळगुळीत तळाचे जोडे. वीस पावलांत तीनदा पडले. दोनदा ढुंगणावर, एकदा थेट तोंडावर. प्रत्येक वेळी उठून, अंग न झटकताच पुढे. मी मागोमाग गेलो, कारण मेहुणीला तोंड दाखवायचं होतं. या माणसाच्या तोंडून मी एकोणीस वर्षांत ‘चुकलं’ हा शब्द ऐकलेला नाही. जीपीएस चुकतं, ताई चुकते, सरकार चुकतं. ते कोचसमोर जाऊन उभे राहिले, नाकावर बर्फ, आणि म्हणाले, “मॅडम, शी वॉज रेडी. शी वॉज रेडी ॲट फोर ओ’क्लॉक. मी लेट केलं. ओन्ली मी. यू प्लीज सी हर वन्स.” मध्ये मराठी आलेलं त्यांना कळलंही नाही. बाई भली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की नावं पाठवून झाली आहेत, आता पुढच्या डिसेंबरात. साडूंनी मान हलवली. ती हलवायची थांबवायचं मात्र त्यांना सुचेना.

इरा केव्हा मागे येऊन उभी राहिली होती कोण जाणे. सगळं तिने ऐकलेलं असावं. हेल्मेटचा पट्टा लावत ती म्हणाली, “बाबा, गाडीत नको जाऊस. जस्ट स्टँड हिअर.” आणि वर नेणाऱ्या पाळण्यात बसून ती गेली.

साडू उभे राहिले. पाळणा ढगात शिरेपर्यंत पाहत राहिले. “एवढ्या वरून येते ती?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, असं दिसतंय. थोड्या वेळाने वरून ठिपके सुटायला लागले. “धाकटे, तिचं हेल्मेट कुठल्या रंगाचं?” आता हे हेल्मेट त्यांनीच आणलेलं, पंधरा दिवस रिव्ह्यू वाचून. त्याला सुरक्षेचे किती स्टार आहेत ते तोंडपाठ होतं, रंग आठवेना. मलाही सांगता येईना. त्या धुकट उजेडात सगळी हेल्मेटं काळी आणि सगळी जाकिटं सारखी. तेव्हा साडूंनी हात वर केला आणि खाली येणाऱ्या प्रत्येकाला हात करायला सुरुवात केली. पोरांना, बायकांना, एका दाढीवाल्याला, सावकाश येणाऱ्या एका आजोबांना. आजोबांनी उलट हात केला. कुणीही सुटू नये म्हणून ते जोड्यांसकट घसरत डावीकडून उजवीकडे सरकत होते. एरवी मी हसून हसून पडलो असतो. त्या दिवशी मीही हात वर केला.

आमच्यापासून हातभर अंतरावर सर्रकन बर्फ उडवत कुणीतरी थांबलं आणि चष्मा वर केला. इरा.

“पाहिलंस?”

साडूंना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा आणखी एक दोष. “तू कुठली ते नक्की कळलं नाही,” ते म्हणाले. “पण सगळे नीट खाली आले. पडलं कुणीच नाही.”

इराने त्यांच्याकडे पाहिलं, आणि सकाळपासून दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. बापाच्या ओल्या जाकिटात तोंड खुपसून ती हमसून हमसून रडली. ते तिच्या हेल्मेटवर थोपटत राहिले. 

पुढचा डिसेंबर आला तेव्हा इराला अकरावीच्या परीक्षांनी घेरलं. मग तिचं तिनेच ठरवलं की आता टीम नको. मैत्रिणींची गाडी असते, कधीमधी त्यांच्याबरोबर ती जाऊन येते. या नोव्हेंबरात साडूंच्या ड्राइव्हवेत कुणी उकिडवं बसलेलं दिसलं नाही. परवा मी गेलो तर ते उन्हात खुर्ची टाकून फोनवर त्या डोंगरावरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघत बसले होते. वरून बारीक बारीक माणसं उतरत होती. मी विचारलं, इरा गेलीय का आज. “नाही, खोलीत आहे, झोपलीय,” ते म्हणाले आणि फोन मला नीट दिसावा म्हणून त्यांनी थोडा माझ्याकडे वळवला.