कोऱ्या जागी ‘हालचाल नाही’

सोमवार, ७ एप्रिल. संध्याकाळचे पाच वाजून सतरा मिनिटं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वनपरिक्षेत्र कार्यालयात रिना रामटेके पडद्यावरचं गाववार पत्रक खाली सरकवत आहे. वय एकोणतीस, कंत्राटी संगणकचालक, नोकरीचं चौथं वर्ष. पत्रक दोन मिनिटांपूर्वी आपोआप गावोगावच्या मोबाइल गटांवर गेलं आहे. तिच्या स्वतःच्या गावापुढे छापलंय : ‘आज वाघाची हालचाल नाही.’

त्या भागाचे वनरक्षक लटारू मडावी यांचा फोन दुपारपासून लागत नाही. मग ही ओळ आली कुठून?

बावीस वनरक्षक मोबाइलवरून नोंदी पाठवतात. रिनाने लिहिलेला प्रोग्राम रोज सव्वापाचला त्यांचा तिथल्या तिथे एक्सएमएल, म्हणजे संगणकाला वाचता येणारी यादी, तयार करतो आणि फाइल न ठेवता थेट स्टाइलशीटकडे देतो. स्टाइलशीट त्याचं वाचता येईल असं पत्रक करते. वाघाची नोंद असेल तर जागा आणि वेळ, नसेल तर ‘हालचाल नाही’. हा नियमही रिनाचाच. वनरक्षकाला रेंजच नसेल, हे तिने धरलं नव्हतं.

तिने आईला फोन लावला. बायनाबाई पहाटे चारला एकट्याच मोहफुलं वेचायला निघतात.

“आई, उद्या पहाटे जाऊ नको.”

“काऊन? तुयाच कागदावर वाघ नाई म्हणून हाय.”

“कागद चुकला. लटारूभाऊचा पत्ता नाई.”

“मंग लटारूले शोध. मोह पडला का हरणं खाऊन टाकतेत. ते कागद नाई वाचत.”

फोन बंद झाला.

रिनाने प्रोग्राम उघडला. आता तो फक्त आलेल्या नोंदींवर थांबणार नव्हता. बावीसही वनरक्षकांची यादी घेऊन प्रत्येकापुढे ‘आली’ किंवा ‘आली नाही’ लिहिणार होता. स्टाइलशीटमध्ये ‘आली नाही’साठी तिसरी ओळ घातली. पाच एक्केचाळीसला नवं पत्रक गेलं. तिच्या गावापुढे : ‘माहिती आली नाही. जंगलात जाऊ नका.’ आणखी दोन गावांपुढेही तेच.

मोहाचा हंगाम सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. त्यातल्या किती संध्याकाळी ‘हालचाल नाही’ खरं होतं? तपासायला काहीच नव्हतं. एक्सएमएल रोज तयार होऊन रोज पुसला गेला होता. तिने पाण्याची बाटली उघडली. प्यायली नाही.

सहा दहाला डांबरी रस्त्यावरून लटारूंचा फोन आला.

“मी ठीक हाव. नाल्यावर वाघीण हाय, संगं दोन पिल्लं. दोन घंटे झाडावर बसून होतो.”

“कोणता नाला, भाऊ?”

“तुया माईच्या मोहाखालचा.”

रिनाने पुन्हा आईला फोन लावला आणि वाघिणीचं सांगितलं.

“शेजारच्या मनकर्णाले सांगून येतो,” बायनाबाई म्हणाल्या. “तिनं बी पहिलाच कागद पाह्यला.”

उद्या नाल्याकडची वाट बंद आहे. गावातल्या बायका सकाळी साडेसहाला, उजाडल्यावर, लटारूंसोबत गावालगतच्या झाडांखाली जातील.