बंद शटरआड सुरू झालेली गाडी

श्रीगजाननाला आणि कुलस्वामिनीला नमस्कार करून, गेल्या खंडेनवमीला आमच्या घरी जे घडले ते लिहून ठेवतो. लिहिताना शब्द मागेपुढे झाले तर जगदंबेने सांभाळून घ्यावे.

आमचे घर काचीगुड्याच्या स्टेशनाजवळ एका जुन्या गल्लीत आहे. मुलाने श्रावणात नवी गाडी घेतली, ती मोबाईलचे ऐकणारी. तो ऑफिसात बसून बोट लावी आणि इकडे रिकाम्या गाडीचे इंजिन सुरू होऊन आत एसी लागे. पहिल्यांदा त्याने हे जेवणाच्या पानावरून करून दाखवले, तेव्हा माझ्या हातातला घास हातातच राहिला. तो हसून म्हणाला, "बाबा, मंत्राने नाही, ॲपने होते हे." मी म्हणालो, मंत्र म्हणणाऱ्याला निदान समोर बसावे लागते. ते बोलणे मी त्या वेळी थट्टेनेच केले होते.

पुढच्या पडवीला लोखंडी शटर बसवून गाडीची सोय केली होती. गल्लीच्या बाजूला शटर आणि अंगणाच्या बाजूला एक छोटे दार, एवढ्याच दोन वाटा.

खंडेनवमीला पूजा होईपर्यंत वाहन बाहेर काढायचे नाही, हा आमचा रिवाज. मुलाला सुटी नव्हती, म्हणून तो सकाळी मेट्रोने गेला. साडेअकराला येऊन आम्हा दोघांना सिकंदराबादला देवीच्या दर्शनाला नेणार होता. पूजा अकरापर्यंत आटोपेल, असे मीच त्याला सांगितले होते. पण झेंडूच्या माळा उशिरा आल्या आणि सारेच लांबले. गाडीवर स्वस्तिक काढून, चाकांखाली लिंबे ठेवून मी देवघरात माझ्या पाठाला बसलो. नवरात्रातला पाठ मी मौनात करतो. मुलाला उशीर कळवायचे माझ्या मनात आले होते. पाठ झाल्यावर कळवू, असे म्हणून आसनावर बसलो.

गाडीपाशी स्तोत्राची एकवीस आवर्तने करण्याचा मान घरच्या लक्ष्मीचा, म्हणजे माझ्या पत्नीचा. ती सोवळ्यात होती. निरांजनाला वारा लागू नये म्हणून तिने आतून शटर खाली ओढले, ओढले की त्याचे कुलूप आपोआप बसते, आणि कोणी शिवू नये म्हणून अंगणाकडच्या दाराला आतून कडी घातली. तिला कमी ऐकू येते. पण कानातले यंत्र सोवळ्यात तिला चालत नाही. ते तिने काढून देवघराच्या कोनाड्यात ठेवले होते.

अकरा वाजून गेल्यावर कुठूनशी घरघर ऐकू आली. शेजारच्या टायरच्या दुकानातले यंत्र असेल असे समजून मी पाठ चालू ठेवला. मग मोबाईल वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मौनात मी तो घेत नाही. तिसऱ्यांदा नुसता संदेशाचा आवाज झाला, म्हणून डोळ्यांपुढे धरला. मुलगा मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितो. मला ती एकेक लावत वाचावी लागते. गाडी दहा मिनिटांपूर्वीच सुरू केली आहे, एसी लागला आहे, तुम्ही दोघे जाऊन बसा, मी पोचतोच आहे.

वाचून झाले आणि समोरच्या कोनाड्यातले ते यंत्र दिसले. तसाच उठून अंगणात धावलो.

मी छोट्या दारावर दोन्ही हातांनी मारले, हाका मारल्या. आत इंजिन संथपणे चालू होते; माणसाचा आवाज नव्हता. मुलाला फोन लावला.

"गाडी बंद कर. आई आत आहे."

"आत म्हणजे? गाडीत?"

"पडवीत. शटर खाली आहे."

 त्याचा श्वास तेवढा ऐकू येऊ लागला. ॲप उघडत नव्हते, चक्र नुसते फिरत होते, असे त्याने मागाहून सांगितले.

शटरची किल्ली चामड्याच्या पाकिटात, दाराबाहेरच्या खुंटीवर. सोवळ्यात चामड्याला आयुष्यात हात लावला नव्हता. त्या दिवशी ती हाती कधी आली, हेही मला आठवत नाही. ओले धोतर सावरत गल्लीत गेलो, कुलूप काढले, पण शटर गुडघ्याच्या वर उचलेना. टायरवाले शेजारी धावत आले. चाळीस वर्षांचा शेजार. आमच्या घरचे सोवळेओवळे त्यांना आमच्या मुलापेक्षा जास्त माहीत. त्यांनी एका झटक्यात शटर वर केले.

धुपाचा धूर आणि पेट्रोलचा उग्र दर्प एकदम अंगावर आला. ती मागच्या चाकापाशी भिंतीला टेकून बसली होती. मान कलली होती, माळ मांडीवर पडली होती. ओठ हलत आहेत की मलाच तसे वाटते आहे, कळत नव्हते. मला उंबऱ्यातून पुढे पाऊलच टाकता येईना.

शेजारी उंबऱ्यावर थबकले. हात पुढे करून तसेच उभे राहिले.

"पंडितजी, अम्मा सोवळे में हैं. हाथ लगाऊँ?"

त्या भल्या माणसाने माझ्या आचारासाठी तो क्षण खर्च केला. 

"उठाओ, भाई," मी म्हणालो. "जल्दी उठाओ."

त्यांनी तिला लहान मुलासारखे उचलून गल्लीत आणले आणि दुकानातल्या बाकावर निजवले. तेवढ्यात पडवीतले इंजिन आपोआप थांबले. मुलाचे बोट शेवटी कुठे तरी लागले होते. त्यांच्या घरातून पाणी आले. त्यांच्या घरचे पाणी तिने चाळीस वर्षांत पहिल्यांदाच घेतले, दोन घोट. मग ओकारी झाली आणि डोळे उघडले.

दवाखान्यात संध्याकाळपर्यंत तिला प्राणवायू दिला. आणखी थोडा वेळ गेला असता तर, एवढेच बोलून डॉक्टर थांबले. जमीन थरथरली होती, पण स्टेशनात गाडी आली असेल असे वाटले, असे ती म्हणाली. मग मुलाकडे पाहून तिने विचारले, दर्शनाला आता उद्या जायचे का? तो तिच्या पायांवर डोके ठेवून रडला. दोष त्याच्या बोटाचा नव्हता. दोन शब्द कळवायचे होते आणि ते मी पाठासाठी राखून ठेवले. हे मी त्याला तिथेच, तिच्यादेखत सांगितले.

वाचकहो, जगदंबा तुम्हाला व तुमच्या घरच्या लहानथोरांना उदंड आयुष्य देवो. तुमची दारे वेळेवर उघडोत, आणि हाकेला धावून येणारा शेजार तुम्हाला जन्मभर लाभो. शुभं भवतु.