नखावरचा थेंब

छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात जेवणाच्या सुट्टीत कॅरम रंगायचा, आणि हरणाऱ्यानं सगळ्यांचे कप विसळायचे हा तिथला कायदा. वहिनींवर ती पाळी कधी आलीच नव्हती. तशा त्या सगळ्या खात्याच्याच वहिनी, पण खऱ्या नात्यानं फक्त मशीनवर बसणाऱ्या त्यांच्या दिराच्या. आणि आजवर सगळ्यात जास्त कप विसळलेले त्यानंच.

यंदा मात्र चक्रं उलटी फिरली. वहिनींचा स्ट्रायकर निघायचा राणीकडे नि जायचा भलतीकडेच. त्यांनी पावडर बदलली, बोर्डाला नावं ठेवली, खिडकीतल्या वाऱ्यालाही सोडलं नाही. जिना चढताना धाप लागायची, तिचं खापरही त्यांनी हरण्याच्या डोक्यावर फोडलं. कप विसळताना वाटायचं, संपला आपला खेळ.

एकदा दीर मागे उभा राहून मजा बघत होता. वहिनींच्या तर्जनीच्या नखावर पाण्याचा थेंब ठाण मांडून बसलेला, काही केल्या ओघळेना.

"वहिनी, नखाची वाटी कधी करून घेतलीत?"

वहिनींनी नख निरखलं. मधे खोलगट, कडा वर आलेल्या, रंग पांढुरका. त्यांची कळीच खुलली. म्हणजे खेळ नाही, नख बिघडलंय! तसं डॉक्टरांकडून लिहूनच आणते म्हणाल्या, आणि संध्याकाळी तडक दवाखान्यात.

डॉक्टरीणबाईंनी कॅरमची सगळी रामकहाणी ऐकली, खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला पाठवलं. लोह कमी निघालं. का, हे शोधायला आणखी तपासण्या झाल्या. दुसरं काही वावगं नव्हतं. गोळ्या, पालेभाज्या, वहिनींनी सगळं निमूट ऐकलं. चहाचं नाव निघालं तेव्हा मात्र चेहरा उतरला.

"जेवणावर लगेच चहा घेतलात तर अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तासभर थांबायचं. आणि नवं नख पुरतं यायला सहाएक महिने धरा."

धाप लवकरच गेली. नख मात्र मुळाकडून सपाट होत रांगत पुढे सरकत होतं. दिराचे टोमणे चालूच. अखेर शेवटची वाकडी कड नेलकटरनं उडवली, आणि वहिनींनी दिराला बोर्डावर बोलावलं.

राणी कडेला चिकटलेली. वहिनींनी टिचकी मारली. राणी पॉकेटात, पाठोपाठ कव्हरही. खात्यानं टेबलं बडवली.

दीर बाह्या सरसावून नळाशी गेला. वहिनी शेजारी आल्या, बोट पाण्याखाली धरलं. थेंब सुळकन ओघळला.

"सावकाश घासा, भाऊजी. माझ्या चहाला अजून तास आहे."