गुणाचं लेकरू

ऑक्सिजनवर ठेवलेल्या माझ्या तीन महिन्यांच्या मुलाला तपासून डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काय जेवता?" मला रागच आला. पोरगं जीव सोडायला आलंय आणि या माझा स्वयंपाक विचारतात!

तरी सांगितलं. पाणी निथळून काढलेला भात आणि तूप. वरणानं बाळाचं पोट फुगतं, भाजीनं त्याला हगवण लागते, म्हणून दोन्ही बंद. आमच्या मळ्यातली मेथी रोज अमरावतीच्या बाजारात जायची. जुड्या मीच बांधायचे.

"थायमिन डेफिशियन्सी असावी," बाई म्हणाल्या. थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्व. डाळींत असतं, तांदळाच्या कोंड्यात असतं. आईच्या जेवणात ते नसलं तर दुधातही उतरत नाही, आणि बाळाचं हृदय थकत जातं. "रिपोर्टची वाट पाहायला वेळ नाही. इंजेक्शन आत्ताच देते."

आठवडाभर आधीपासून तो दूध पिताना दमायचा, ओकायचा. मग रडताना तोंड उघडायचं, चेहरा लाल व्हायचा, पण आवाज निघेना. सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, "काय गुणाचं लेकरू हाय माय! घरात बाळ हाय हे समजतच नाई." मलाही बरं वाटायचं. धाप लागली तेव्हा कुठे ऑटो बोलावला.

दुसऱ्या दिवशी श्वास संथ झाला. आवाज यायला आणखी काही दिवस गेले.

राउंडला बाईंनी विचारलं, "हे पहिलंच मूल?"

नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, अकोल्याकडे झालं. मुलगी. तिथेही हाच भात होता. तीही शेवटी अशीच आवाजाविना रडायची आणि माझी आईही तिला गुणाची म्हणायची. दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली. सगळे म्हणाले, न्यूमोनिया असेल.

"तिलाही हेच झालं होतं का?"

"आता नक्की नाही सांगता येणार," बाई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

बायांनो, अंगावर पाजत असाल तर वरण खा, भाजी खा. बाळाचा आवाज बसला, ते दमायला लागलं, तर लगेच दवाखान्यात न्या आणि तुमचं पथ्यही डॉक्टरांना सांगा.

मुलगा आता ठणठणीत आहे. सासूबाई स्वतः मला वरण वाढतात, वर "अजून घे वं" म्हणतात. डॉक्टरबाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण मुलगी कशानं गेली असेल हे ठाऊक नव्हतं, तोवर मी देवाला बोल लावायचे. आता तेही करता येत नाही.