टॅगमधली बाई

डीजेच्या गाण्याच्या सुरुवातीला एक बाई बोलते. इंग्रजाळलेल्या, जरा नाकातल्या आवाजात ती गाणं करणाऱ्याचं, नाहीतर ते वाजवणाऱ्या साउंडवाल्याचं नाव घेते आणि मग छातीत घुमणारा बेस सुरू होतो. त्या बोलण्याला टॅग म्हणतात. वरातीत, हळदीत, मोबाइलवर तुम्ही तो ऐकला असेल आणि असेल कुणी परदेशातली म्हणून सोडूनही दिला असेल. चाकण-भोसरी भागातल्या बऱ्याच गाण्यांत दोन-अडीच वर्षं ती बाई मी होते.

मी परभणीकडची. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. आलेला माल मापायचा, मापात नसेल तर लाल स्टिकर लावायचं. नवराही आमच्याकडचाच, भोसरीत मशीनवर असतो. मोशीत दोन खोल्या घेऊन राहतो, मुलगी दुसरीत आहे. या सगळ्यात गाण्याचा कुठे संबंध नव्हता. तो आला कंपनीच्या सुरक्षा सप्ताहात. माइकवरून शपथ वाचायला मला उभं केलं. वाचून खाली उतरले तर लाइनवरची मैत्रीण म्हणाली, "तुझा आवाज तर रेडिओवाणी आहे. माझ्या मावसभावाला अशीच बाई पाहिजे." मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले, तेव्हा हसून म्हणाली, "अगं, गाण्यासाठी!"

मावसभाऊ भोसरीचा, जुन्या गावकऱ्यांतला. जमीन एमआयडीसीत गेल्यावर वडिलांनी वर्कशॉपसाठी गाळे बांधून भाड्याने दिले होते, त्यातल्या एका गाळ्याच्या वर त्याची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, मधे माइक, टेबलावर लॅपटॉप. खाली आठवडाभर प्रेस मशीन धडधडायचं, म्हणून रेकॉर्डिंग फक्त गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीला. माझीही सुट्टी गुरुवारचीच. पहिल्या दिवशी नवरा सोबत आला, दाराशी खुर्ची टाकून बसला आणि भिंतीवरच्या गादीला डोकं टेकून झोपून गेला.

"ताई, ही ऐका," म्हणत त्याने एका परदेशी बाईचा आवाज लावला. कुठूनतरी फुकट उतरवून घेतलेला. "असंच पायजे. सेम टू सेम."

"मग हीच वापरा की."

"हिला आपल्या पोरांची नावं कुठं घेता येत्यात? नाव आपलं पायजे, पण घेणारी बाई तिकडची वाटली पायजे."

मी नाव नीट घेतलं की तो मान हलवायचा. "लई सरळ येतंय, ताई. ण नको, ळ नको." मग नावातल्या चाकणचं मी 'चॅकन' केलं, चिखलीतला ख गिळून टाकला, आणि भोसरी असं काही म्हटलं की दाराशी झोपलेला नवरा जागा झाला. शाळेत बाईंनी पट्टी मारून मारून माझे उच्चार सरळ केले होते. इथे ते वाकडे करायला मला तीन गुरुवार लागले. चौथ्या गुरुवारी त्याने टाळी वाजवली. "आता आली!"

त्याचं कामही तसंच होतं. एखादं गाणं चाललं की आठ दिवसांत पाच-सहा साउंडवाले तेच गाणं मागत यायचे. आधी भोंगा, मग वाढत जाणारी टाळी, एक श्वासभर शांतता आणि मग धडाम. त्या धडामला ते ड्रॉप म्हणतात. त्याच्याकडे तयार भोंगे होते, तयार टाळ्या होत्या. तो तेच मागेपुढे करायचा, वेग थोडा वाढवायचा आणि वर माझ्या तोंडून नवं नाव चिकटवायचा. मी एकदा विचारलं, "तुम्हाला स्वतःचं काही करावंसं वाटत नाही?" तेव्हा त्याने मला त्याचं एक गाणं ऐकवलं. त्यात मधेच सनई होती, भोंगा नव्हता, आणि ड्रॉप आला आला म्हणेस्तोवर यायचाच नाही. मला ते आवडलं. तो म्हणाला, "चौघांना ऐकवलं. चौघंबी म्हणलं, हे बिघडलंय. गिऱ्हाइकाला नवं नको असतंय, ताई. शेजाऱ्याकडं हाय तेच पायजे असतंय, फक्त त्याच्यापेक्षा मोठ्यानं."

खोटं कशाला बोलू, मलाही ते सगळं आवडायला लागलं. मोशीच्या चौकात सिग्नलला साउंडचा टेम्पो शेजारी येऊन थांबायचा आणि त्यातून मी बोलायचे. टेम्पोतल्या पोरांना काय माहीत, की स्कार्फ बांधून स्कूटीवर बसलेली ही बाई तीच आहे. घरात मात्र पंचाईत झाली. मुलगी तो आवाज काढायला लागली. शाळेत हजेरीला त्याच नाकातल्या सुरात 'येस टीचर' म्हणायची. तिच्या बाईंनी मला बोलावून विचारलं, "घरी इंग्रजी सिनेमे फार बघता का?"

मग रेकॉर्डिंगला बोलावणारे भोसरीचे फोन यायचे बंद झाले. एक महिना गेला, दोन गेले. मला वाटलं, लग्नसराई संपली असेल. एक दिवस कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरने नवं गाणं लावलं. सुरुवातीला मीच बोलले. हिंजवडीजवळच्या माण गावातल्या एका साउंडचं नाव घेतलं आणि पुढे म्हणाले, "आडवा येशील तर संपशील."

मैत्रीण माझा दंड हलवत म्हणाली, "तूच की!"

मी "नाही" म्हटलं. ती म्हणाली, "गप, मला काय आवाज कळत नाही?" मी पुन्हा "नाही" म्हटलं, पण माझी मलाच खात्री नव्हती. त्या साउंडचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. ते दुसरं वाक्य तर मेले तरी बोलले नसते. तरी आवाज माझाच होता, श्वासासकट. दिवसभर हातातला पार्ट दोन-दोनदा मापत राहिले. घरी येऊन मोबाइलमधले सगळे जुने मेसेज तपासले. नवरा म्हणाला, "बोलली असशील, विसरली असशील." त्याच्यावर इतकी चिडले की तो ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

गुरुवारी मी भोसरी गाठली. मला वाटलं होतं तो तोंड लपवेल. त्याने उलट हौसेने खुर्ची पुढे केली.

"ताई, तुमाला सारखा तरास नको म्हणून सोय केली. तुमचं जुनं रेकॉर्डिंग मशीनला शिकवलं. आता नुसतं टाइप करायचं. बघा, काय बोलवू?"

लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. मग हातून आपोआप लिहिलं गेलं, "ये माय, भाकर खाऊन घे." माझी आई मला संध्याकाळी अशी हाक मारायची, मीही मुलीला अशीच मारते. त्याने बटण दाबलं. स्पीकरमधून ती बाई बोलली. "ये माय." नाकातून, ओढून, जणू विमानात सूचना देतेय. 'भाकर'चा र तिला आलाच नाही. तो हसला. मी उठून उभी राहिले.

"मला न विचारता माझा आवाज विकायला लागलात?"

त्याचं हसू गेलं, पण तो ओशाळला नाही. "ताई, राग नका मानू. पर हा आवाज तुमचा हाय कुठं? तुमी त्या बाईची नक्कल केली. मी तुमच्या नकलेची केली."

आजही भाजी निवडताना, बसची वाट बघताना मी त्याला यावर उत्तरं देत असते आणि एकही पूर्ण बसत नाही. तेव्हा एवढंच म्हणाले, "ते संपशील-बिंपशील तरी काढा."

"माझ्या हातात न्हाई. ती फाइल आता धा जणांकडं हाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझी तरी गाणी कुठं माझ्याकडं राह्यली? एकानं माझा ड्रॉप उचलून त्याच्या नावानं टाकला. मी विचारलं तर मलाच ब्लॉक केलं." माझं सगळं रेकॉर्डिंग त्याने माझ्यादेखत पुसलं. त्याचा उपयोग नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

नवऱ्याने समजावलं, "सोड. कुणाला माहिताय तो आवाज तुझाय म्हणून?" कुणाला माहीत नाही, हेच तर मला खुपत होतं. बसमध्ये बसले की कान टवकारायचे. शेजारच्या गच्चीवर कुणी गाणं लावलं की जिन्यात जाऊन उभी राहायचे. शेवटी माणमधल्या त्या साउंडवाल्याचा पत्ता काढला. एका गुरुवारी दुपारी त्याचं काम तिथेच, गावात एका हळदीला होतं. मी एकटीच गेले.

मांडवाच्या कडेला स्पीकरची भिंत उभी होती. साउंडवाला पंचविशीतला असेल. मी म्हटलं, "दादा, तुमच्या टॅगमधला आवाज माझा आहे."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ताई, तो आवाज मशीनचा हाय."

"मशीन माझ्यावरून शिकलंय."

"मग बोलून दाखवा," म्हणत त्याने सरळ माइक हातात दिला. हळद लावणाऱ्या बायका थांबल्या. मी त्याच्या साउंडचं नाव घेतलं, जसं गुरुवारी घ्यायचे तसं. एक अक्षर फाटलं. पोरं एकमेकांकडे बघून हसली. एक म्हणाला, "जवळपास हाय राव, पर वरिजनल ती वरिजनलच." मी तिथून निघालेच असते. पण नवऱ्यामुलाची आत्या, हळदीने कोपरापर्यंत पिवळी झालेली, पुढे आली. "काय झालं गं, बाई?"

मी सांगितलं. आवाजाचं तिला नीटसं कळलं नाही. तिने वाक्य विचारलं. मी म्हणून दाखवलं, यावेळी माझ्या साध्या बोलण्यात. ती गर्रकन साउंडवाल्याकडे वळली.

"आरं, आमच्या घरात लग्न हाय आन् तू कुणाला संपवाया निघालास? सकाळधरनं हेच वाजतंय व्हय?"

"आत्या, तसंच असतंय ते. समदे लावत्यात."

"समद्यांच्या घरी लाव. हितं न्हाई."

त्याने लॅपटॉपवर वाकून ते वाक्य कापलं. गाणं पुन्हा सुरू झालं. नाव घेतलं गेलं, पुढे क्षणभर काहीच नाही, मग बेस. आत्याने माझ्या कपाळाला हळद लावली आणि जेवून जा म्हणाली. मी जेवले. एका लॅपटॉपमधून एक वाक्य गेलं होतं, बाकी ठिकाणी ते वाजतच होतं, आणि तरी मला कडकडून भूक लागली होती.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी भोसरीचा फोन आला. "ताई, इंग्रजी टॅग आता कुणी मागत न्हाई. आता गावरान पायजे, गावाकडच्या बाईचा ठसका. एक पाठवलाय, ऐका. सेम टू सेम तसं."

मी ऐकलं. आमच्याकडची बोली होती, पण बोलणारी आमच्याकडची नव्हती. 'काय करायलीस'मधला प्रत्येक शब्द चुरगाळून, उगाच खेकसून बोलत होती. आमच्याकडे भांडतानाही कुणी असं बोलत नाही.

मी म्हटलं, "भाऊ, आमची बोली अशी नाही."

"आसंल, पर हीच चालतीय. तुमी तर तिकडच्याच. तुमाला सोपं जाईल."

"मी बोलते तसं बोलू का?"

तो खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणाला, "ते कोण घेणार, ताई?"

मी नाही म्हणून फोन ठेवला. नवरा मुलीची वेणी घालत होता. त्याने विचारलं, "काय म्हणायला तो?" मी सगळं सांगितलं.

"बरं केलीस नाही म्हणून," तो म्हणाला. मग थांबून, माझ्याकडे न बघता, "जावंसं वाटलं होतं का?"

"हो," मी म्हटलं आणि गॅसवरचा तवा उगाचच उतरवून पुन्हा चढवला.