ज्याने जुळवलं, त्याने बसायचं

परबसाहेब गेल्याचा फोन त्यांच्या घरून वहिनींनीच केला. मी तेव्हा जुहूच्या हँगरमध्ये एका हेलिकॉप्टरच्या पात्याखाली उभा होतो, हातात साहेबांनीच दिलेला पाना... साहेबांना जाऊन आता दीड महिना झाला.

करमाळ्यात शिकलेला, घरातला पहिला पदवीधर मी, नोकरीला लागलो तो साहेबांच्या हाताखाली. हेलिकॉप्टरची सगळी पाती एकाच पातळीत फिरली पाहिजेत, त्यांचं वजन एकमेकांशी जुळलं पाहिजे. नाहीतर अख्खं यंत्र थरथरतं. ते जुळवणं हे साहेबांचं काम. मोजायला उपकरण होतं, तरी चाचणीच्या उड्डाणाला ते स्वतः बसायचे, सीटखालच्या नळीवर तळवा टेकवून. "ज्याने जुळवलं, त्याने बसायचं," एवढाच त्यांचा नियम.

मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो, तेव्हाची गोष्ट. निळ्या खुणेच्या पात्याचा कोन बदलणारा दांडा अर्धा फेरा फिरवायचा होता. मी पिवळ्याचा फिरवला आणि कागदावर सही करून मोकळा झालो. चूक ध्यानात आली तेव्हा पायलट आत बसला होता. बोललो तर नोकरी जाणार, आणि तिकडे बाबांनी गल्लीभर पेढे वाटलेले... तेवढ्यात साहेब नेहमीसारखे आत चढायला लागले. मग मात्र राहवेना.

"साहेब, थांबा. माझं पातं चुकलंय."

ते खाली उतरले. पायलटला म्हणाले, "तू चहा पिऊन ये, तासभर लागेल." मग माझ्याकडे वळले. "काय रे इंजिनियर, कॉलेजात रंग शिकवत नाहीत?"

बस, एवढंच. दांडे मलाच पुन्हा लावायला सांगितले, चूक माझ्याच अक्षरात वहीत लिहून घेतली आणि खाली स्वतःची सही केली. उड्डाणात मला शेजारी बसवलं, माझा तळवा धरून नळीवर ठेवला.

"थरथरतंय?"

"नाही."

"मग तू कशाला थरथरतोस?"

गेल्या रविवारी लालबागला वहिनींकडे गेलो. साहेबांच्या खुर्चीच्या वरचा पंखा डगडगत होता. वजन जुळवायला पात्यावर त्यांनी चिकटवलेला वॉशर साफसफाईत निघाला होता. वहिनींनी तो डबीत जपून ठेवला होता. खुर्ची बाजूला सारून मी स्टुलावर चढलो. दोनदा जागा बदलून पाहिली, तिसऱ्यांदा पंखा शांत झाला. हात धुऊन चपला घालायला निघालो, तर वहिनींनी खुर्ची पंख्याखाली सरकवली.

"असा कसा जातोस? बस आधी."

मी बसलो.